मस्टँग, ३७०झेड, ८६ की एमएक्स-५? मॅन्युअल स्पोर्ट्स कार घेण्याआधी गिअरबॉक्सची चौकशी

अमेरिकेत येऊन चार-पाच वर्षं झाली, बस्तान बसलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणांची एक जुनी हौस डोकं वर काढते. क्लच आपण मारुती ८०० वर किंवा ड्रायव्हिंग स्कूलच्या खिळखिळ्या गाडीवर शिकलेलो असतो. हातपाय ते विसरलेले नसतात, आणि इथे जिकडेतिकडे ऑटोमॅटिक. मग वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: फोर्ड मस्टँग जीटी, निस्सान ३७०झेड, टोयोटा ८६ (किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड) आणि माझदा एमएक्स-५. चारही गाड्यांत जोर मागच्या चाकांना जातो आणि चारही सहा गिअरच्या. ओळखीच्या काही जणांबरोबर मी या गाड्या बघायला गेलोय, आणि दर वेळी गाडीत बसायच्या आधी हाच प्रश्न येतो: "हिचा गिअरबॉक्स त्रास देतो म्हणतात, खरं का?"

चौघींबद्दलही ते थोडंफार खरं आहे. पण प्रत्येकीचं दुखणं वेगळ्या जागी आहे. एकीचं बाहेरून हात घालून बरं होतं, तर दुसरीचा अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. माझ्या मते घेणाऱ्याने आधी हा फरक बघावा, घोडे (हॉर्सपॉवर) किती आहेत ते नंतर.

आधी, जे बिघाड नाहीत ते

न्यू जर्सीतली जानेवारीची सकाळ. माझी आधीची गाडी रात्रभर बाहेर उभी, काचेवर बर्फाचा थर. रिव्हर्स घेतला, पहिला टाकला, गल्लीतून निघालो आणि दुसरा टाकायला गेलो तर दांडा अर्ध्यावर थांबला, जणू घट्ट काकवीत चमचा घातलाय. दोन बोटांचा हलका दाब तसाच धरून ठेवला आणि क्षणभरात गिअर पडला. दहा मिनिटांनी हायवेला लागेपर्यंत तोच दांडा अलगद सरकत होता.

यात काही मोडलेलं नसतं. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग जुळवायचं काम सिंक्रो रिंग घर्षणाने करते. गारठलेलं गिअर ऑइल घट्ट असतं, त्याचा पडदा बाजूला सारून पकड घ्यायला रिंगला वेळ लागतो. त्या वेळी मनगटाचा जोर लावला तर मात्र रिंग झिजते, आणि पुढे गाडी गरम असतानाही गिअर खरखरत पडतो. म्हणजे थंडीतला अडकणारा दुसरा गिअर हा दोष नाही, पण आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षं कसा टाकला असेल, हा प्रश्न खरा आहे.

दुसरी गोष्ट आरपीएमची. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचे फेरे झपकन खाली यायचे. आता थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) वायरने नाही, कॉम्प्युटरने हलतो. तो एकदम बंद केला तर न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून जातं, म्हणून कॉम्प्युटर तो सावकाश मिटतो. फेरे क्षणभर वरच तरंगतात, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की गाडी हिसका देते, आणि नवखा माणूस म्हणतो क्लच गेलाय. क्लच ठीक असतो. घाई न करता बदललं की हिसका जातो.

निस्सान ३७०झेड : पेडल खाली गेलं, वर आलंच नाही

ही गाडी २००९ च्या मॉडेलपासून २०२० पर्यंत विकली गेली. ३.७ लिटरचं इंजिन, ३३२ हॉर्सपॉवर. खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे आपोआप जुळवून देणारी यंत्रणा मॅन्युअल गाडीत पहिल्यांदा आणली ती हिनेच. गिअरबॉक्स स्वतः दणकट आहे. नाजूक आहे तो त्याच्या तोंडाशी बसलेला एक छोटा भाग.

क्लच दाबला की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकाचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. जुन्या पद्धतीत हा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असायचा. दोन बोल्ट काढले की हातात, कुठलाही फिटर तासाभरात बदलून देईल. ३७०झेडमध्ये तो गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडात, थेट शाफ्टभोवती बसवलाय, आणि त्याची बॉडी प्लास्टिकची. आत क्लचची सगळी उष्णता. कालांतराने सील गळतं, हवा शिरते, पेडल मऊ पडतं, आणि एक दिवस सिग्नलला दाबलेलं पेडल जमिनीला टेकून तिथेच राहतं. गाडी गिअरमध्ये, क्लच सुटत नाही, मागे रांग. भाग छोटा, पण तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणजे दिवसभराची मजुरी.

यातलं समाधान एवढंच की हे दुखणं सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा कायमचा इलाज मिळतो. धातूचा स्लेव्ह सिलिंडर मिळतो, किंवा तो पुन्हा बाहेर आणणारा किट. त्यामुळे विकणाऱ्याला थेट विचारा: हा भाग बदललाय का, आणि बिल आहे का? बिल असेल आणि त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेटही नवी टाकली असेल, तर ही चौघींतली सगळ्यात निर्धास्त गाडी ठरू शकते. बिल नसेल तर तो सगळा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. बोनेट उघडून क्लचच्या ऑइलची छोटी डबी बघा. ऑइल फिकट पिवळं हवं. काळं पडलं असेल तर आत रबर झिजतंय असं समजा.

फोर्ड मस्टँग जीटी : सालाप्रमाणे वेगळी गाडी

२०११ च्या मॉडेलमध्ये ५ लिटरचं नवं व्ही-८ इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर गेट्राग या गिअरबॉक्स कंपनीचा एमटी८२ हा सहा गिअरचा बॉक्स. ट्रान्झिट व्हॅन आणि लँड रोव्हर डिफेंडरमध्येही याच घराण्यातला बॉक्स होता. व्हॅन आणि जीपमध्ये कोणी सात हजार फेऱ्यांवर तिसरा गिअर हाणत नाही. मस्टँगमध्ये तेच करायचं असतं.

गिअर न पडणं, खरखरणं, थंडीत पहिला-दुसरा अडणं अशा तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने २०११ मध्ये चौकशी उघडली. ती गाड्या परत न मागवताच बंद झाली, कारण खात्याला त्यात सुरक्षेचा धोका दिसला नाही. पण सुरक्षेला धोका नाही म्हणजे गिअर नीट पडतो असं नव्हे, आणि घेणाऱ्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

दांड्याची जोडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. या गाडीत गिअरचा दांडा थेट बॉक्सवर उभा नाही. त्याचा एक आधार बॉक्सकडे जातो आणि दुसरा रबरी बुशवरून गाडीच्या बॉडीला. जोरात ॲक्सिलरेटर दिला की इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या माउंटिंगवर थोडे पिळतात, बॉडी मात्र जागच्या जागी. म्हणजे नेमक्या घाईच्या क्षणी दांडा आणि बॉक्स यांची रेघ चुकते, आणि दुसऱ्यातून तिसरा शोधणारा हात भलतीकडे जातो. म्हणून या गाडीचे जाणकार मालक आधी तो आधार बदलून घट्ट बुशचा बसवतात किंवा दांड्याची सगळी जोडणीच नवी घेतात. हे काम गाडीखाली झोपून, बॉक्स न उतरवता होतं. आणखी एक: बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलला मदत करणारी स्प्रिंग इतकी जोरकस असते की चढ्या फेऱ्यांवर पेडल परत यायला उशीर करतं. स्प्रिंग बदलली की फरक लगेच कळतो.

२०१८ मध्ये फोर्डने बरंच सुधारलं. दोन प्लेटांचा क्लच, ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) आणि सुधारलेले सिंक्रो आले. इंजिन ४६० हॉर्सपॉवरचं झालं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५७० न्यूटन-मीटरच्या आसपास. २०२१ च्या माक १ या खास मस्टँगमध्ये तर कंपनीने एमटी८२ बाजूलाच ठेवून ट्रेमेक या कंपनीचा बॉक्स दिला, आणि तो सरळ वरच्या इयत्तेतला आहे. माझं स्पष्ट मत: मस्टँगच हवी असेल तर २०१८ च्या आधीची बघू नका. किंमत खाली दिसेल, मन होईल, तरी नको.

टोयोटा ८६ / सुबारू बीआरझेड : किरकिरणारं बेअरिंग

इथे सांगण्यासारखं कमी आहे, आणि ते चांगलंच आहे. आयसिन कंपनीचा बॉक्स, पहिल्या पिढीत २००-२०५ हॉर्सपॉवर आणि जेमतेम २०५-२१२ न्यूटन-मीटर टॉर्क. बॉक्सवर ताणच कमी. २०२२ च्या मॉडेलपासून दुसरी पिढी आली, २.४ लिटर, २२८ हॉर्सपॉवर, २४९ न्यूटन-मीटर.

पहिल्या पिढीची ओळखीची खोड म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचवर दाब देऊन तो सोडवणारं बेअरिंग. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना रातकिड्यासारखी किरकिर येते, आणि पेडलवर नुसता पाय टेकवला की थांबते. ऐकू आली म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, पण दुर्लक्ष केलं तर बेअरिंग ज्यावर सरकतं तो भाग आणि त्याला ढकलणारा फोर्कही झिजतात. बदलायला इथेही बॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेटबरोबरच करून घ्यावं.

आपल्या लोकांसाठी एक कळकळीची सूचना. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय क्लचवर ठेवूनच गाडी चालवायची आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय आपल्याला लागलेली असते. रिलीज बेअरिंगला याहून वाईट काही नाही. पाय शेजारच्या पट्टीवर ठेवा, चढावर हँडब्रेक घ्या. चारही गाड्यांना हे लागू आहे, हिला जरा जास्त.

माझदा एमएक्स-५ : हातात सगळ्यात गोड, सुरुवातीला नाजूक

चौथ्या पिढीची एमएक्स-५ अमेरिकेत २०१६ चं मॉडेल म्हणून आली. वजन जेमतेम १०५० किलोच्या आसपास. ते राखण्यासाठी माझदाने प्रत्येक भागातून ग्रॅम ग्रॅम काढले, गिअरबॉक्सही त्यातून सुटला नाही. बॉक्स नवा आखला, सहावा गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिनाचे फेरे तसेच पुढे जातात. दांडा इतका आखूड आणि नेमका की मनगट हललं की गिअर पडला. चौघींत हिच्यासारखं गिअर टाकण्याचं सुख दुसरीत नाही, आणि ज्याला त्यासाठीच मॅन्युअल घ्यायची आहे त्याने हे वाक्य गंभीरपणे घ्यावं.

सुरुवातीच्या वर्षांतल्या काही गाड्यांचे बॉक्स आतून मोडले. खडखड आवाज, दुसरा किंवा तिसरा गिअर निकामी. माझदाने पुढच्या काळात आतले भाग टप्प्याटप्प्याने बदलले, आणि २०१९ च्या मॉडेलला १८१ हॉर्सपॉवरच्या इंजिनाबरोबर ड्युअल-मास फ्लायव्हीलही दिलं. याच गाडीच्या एमएक्स-५ कप शर्यतींत २०२० पासून सादेव कंपनीचा सिक्वेन्शियल (गिअर क्रमानेच, एकेक करून बदलणारा) बॉक्स वापरतात, यावरून ट्रॅकवर मूळ बॉक्सकडून किती अपेक्षा ठेवावी ते ओळखावं. रस्त्यावर मात्र २०१९ नंतरची गाडी मी निर्धास्त सुचवतो. बॉक्स काढायचा झाला तर हिच्यात बॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) जोडणारी लांब चौकटही सोडवावी लागते, हे मेकॅनिक ठरवताना लक्षात असू द्या.

मग कोणती?

रोजचं ऑफिस, हिवाळा आणि ट्रॅफिक या गाडीवरच काढायचं असेल तर दुसऱ्या पिढीची ८६ किंवा बीआरझेड. मागची सीट आडवी केली की सामानही मावतं. घरात दुसरी गाडी आहे आणि ही फक्त रविवारच्या डोंगर-वळणांसाठी, तर २०१९ नंतरची एमएक्स-५, यात मला तिळमात्र शंका नाही. मुलं लहान आहेत आणि मागे बसवायची आहेत, शिवाय व्ही-८ चा आवाज हवाच, तर २०१८ नंतरची मस्टँग, जमलं तर माक १. ३७०झेड फक्त बिलासकट.

चारही कंपन्या इंजिन-गिअरबॉक्सची हमी पाच वर्षं किंवा ६०,००० मैल देतात. ती गाडीबरोबर जाते, म्हणून पहिल्या विक्रीची तारीख विचारून किती उरलीय ते मोजा. क्लच प्लेट झिजणारी वस्तू धरतात, ती या हमीत सहसा बसत नाही.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. थंड असेल तर पहिल्या पाच मिनिटांत दुसरा आणि तिसरा सावकाश टाकून बघा. गरम झाल्यावर तेच गिअर चढ्या फेऱ्यांवर बदला, वर आणि खालीही. थंडीत अडून गरम झाल्यावर सुटला तर चालेल, दोन्ही वेळा खरखरला तर घरी परत या. मग मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात चौथा टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. शेवटी न्यूट्रलमध्ये उभी करून खिडक्या खाली घ्या, रेडिओ बंद करा आणि पाय क्लचवरून उचलून अर्धा मिनिट नुसतं ऐका. बोनेट आधीच गरम लागलं, तर त्या दिवशी काही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.