हब बदलल्याचे पैसे घेतले, आरे मात्र जागचे हलले नव्हते

आमचे गाव खानापूर तालुक्यात असून नोकरीसाठी मी रोज मोटारसायकलने बेळगावला जातो. गेल्या जुलैत शंभर सीसीच्या माझ्या गाडीचा मागचा ब्रेक चिकटू लागला. पेडलवरून पाय काढला तरी चाक जड फिरे, आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर ड्रम, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला ब्रेकचा डबा, इतका तापे की हात लाववत नसे.

वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी चाक उघडण्याआधीच निदान केले, की ड्रम ओव्हल, म्हणजे लंबगोल, झाला आहे, हब (ड्रमसकट चाकाचा मधला भाग) आणि ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) दोन्ही बदलावे लागतील. खरे तर ड्रम ओव्हल झाला असता, तर ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडले असते. पाय काढल्यावर ब्रेक लागून राहणे ही वेगळी तक्रार आहे. हे मला तेव्हा कळले असते, तर २,६०० रुपये वाचले असते. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, तर हब रुपेरी चकाकत होता. जुने भाग मागितले, त्यावर "भंगारात गेले की, अण्णा" असे उत्तर मिळाले, आणि बिल म्हणून वहीच्या पानावर नुसता आकडा लिहून मिळाला. पाऊस वाढत होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

अठरा दिवसांनी ब्रेक पुन्हा चिकटला. आमच्या शेजारचे काका पूर्वी बस डेपोत फिटर होते. त्यांनी गाडी डबल स्टँडवर लावून पेडल दाबून सोडले आणि ब्रेक प्लेटवरची, म्हणजे ड्रमच्या झाकणावरची, दांडी हाताने मागे ढकलली. त्याबरोबर चाक मोकळे फिरू लागले. दोष ड्रममध्ये नसून कॅममध्ये होता. पेडल दाबले की कॅम फिरून दोन्ही शू ड्रमवर दाबतो आणि सोडल्यावर स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात; पण पावसाच्या पाण्याने व चिखलाने कॅमच्या दांड्याचे ग्रीस निघून जाऊन तो गंजला, तर स्प्रिंगांचा जोर अपुरा पडतो. काकांनी दांडा काढून पॉलिश पेपरने घासला आणि त्यावर ग्रीसचा अगदी पातळ थर दिला, कारण जास्तीचे ग्रीस लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, गेले तर ब्रेक लागतच नाही. खर्च चाळीस रुपये आला.

मग त्यांनी मला आरे दाखवले. हब बदलायचा म्हणजे चाकाचे सगळे ३६ आरे सोडवून पुन्हा बांधावे लागतात आणि निपलांवर (आऱ्यांच्या टोकांच्या छोट्या नटांवर) पान्याच्या खुणा राहतात. माझ्या चाकाच्या निपलांवर मात्र जुना गंज आणि तांबडी माती जशीच्या तशी होती. पेट्रोलच्या चिंधीने पुसताच हबचा रुपेरी रंग उतरला, आणि साखळी उतरली होती तेव्हा पडलेली जुनी खाच खालून दिसली. शूही जुनेच होते. त्यांना फक्त पॉलिश पेपर मारला होता. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडीजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणजे शू संपलेही नव्हते. हा बाण कोणालाही उभ्या गाडीवर पाहता येतो, मी मात्र सहा वर्षांत तो एकदाही पाहिला नव्हता.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला ठाऊक होता, तरी आधी त्याच गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी वहीचे पान हातात घेतले, त्यावर ना गॅरेजचे नाव होते, ना गाडीचा क्रमांक, ना हबचा उल्लेख. ते परत देत ते शांतपणे म्हणाले, "ह्यात हब कुठं लिहिलंय, दाखवा की."