पोहण्याच्या पूलचा पंप दुरुस्त करायला आला, 18,549 रुपये घेतले आणि आरसीसीबी बायपास करून गेला

अन्नपूर्णा रोड, सुदामानगर, राजेंद्रनगर आणि इंदूरच्या बाकी भागांतल्या लोकांनीही हे नीट वाचा. अंगणात फ्रेमचा पूल लावला असेल आणि त्याचा पंप बिघडला असेल, तर फोनवर शोधून सगळ्यात वर दिसणारा नंबर लावू नका. 499 रुपयांत घरी येऊन तपासणी, कंपनीचा अधिकृत टेक्निशियन, अशी ती जाहिरात असते. गिझर-वॉशिंग मशीनवाल्यांचा हा धंदा आपल्याला माहीत आहेच. आता तेच लोक पूलमध्ये घुसले आहेत आणि इथे पाण्यात लेकरं असतात.

आमचा पूल बारा फुटी गोल, पाणी साधारण साडेसहा हजार लिटर, अर्ध्या एचपीचा सिंगल फेज पंप आणि वाळूचा फिल्टर. मे महिन्यात नणंदेची मुलं आली आणि नेमका पंप गुणगुणायला लागला, पण फिरेना. मग बटण दाबलं की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षेचा स्विच, पडायला लागली. मिस्टर नोकरीसाठी बाहेरगावी, घरी मी आणि सासूबाई. पाणी हिरवं पडत होतं, मुलं मागे लागली होती. अशा वेळी कोणीही केला असता तसा मी फोन केला.

पैसे कसे गेले ते रुपयासकट सांगते. व्हिजिटचे 499. मग “भाभीजी, वाइंडिंग जल गई है” म्हणून मोटर घेऊन गेला, रिवाइंडिंगचे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायचे, 3,850. मोटर परत आणली तरी आरसीसीबी ट्रिप होतच होती, म्हणून टायमरवालं कंट्रोल पॅनल, 6,700. त्यानंतर “आपके यहाँ अर्थिंग ही नहीं है” म्हणून केमिकल अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवायला गाडलेला पाइप, 7,500. एकूण 18,549. आमचा अख्खा पंप नवा घेतला होता 7,900 ला! पण त्याने एकदम अठरा हजार मागितलेच नाहीत. प्रत्येक वेळी आधीचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून पुढचे दिले जातात, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय यूपीआयवर प्रत्येक वेळी वेगळंच नाव यायचं. विचारलं तर म्हणे, “अकाउंटंट का नंबर है.” असं उत्तर आलं की तिथेच थांबा आणि पक्कं बिल मागा.

जळालेल्या वाइंडिंगचा फोटो त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. काळं पडलेलं तांबं, वितळलेलं वार्निश. तो आजही माझ्या फोनमध्ये आहे आणि बघितला की डोकं फिरतं, कारण कोपऱ्यात मोटरची बॉडी दिसते आणि ती हिरवी आहे. आमची निळी आहे. पण मला सांगा, जळलेल्या तारांचा फोटो समोर आल्यावर बॉडीचा रंग कोण बघतं? मी तो मिस्टरांनाही पाठवला होता. ते शिकलेसवरलेले, त्यांच्याही लक्षात आलं नाही.

खरी कळायची वेळ दुसरी होती आणि ती आठवली की अजून हातपाय गार पडतात. पॅनल बसल्यावर ट्रिप होणं बंद झालं होतं, आम्ही खूश. एका संध्याकाळी कूलरच्या मोटरीत पाणी गेलं आणि घरातली आरसीसीबी पडली. पंखे बंद, दिवे बंद. आणि मागच्या अंगणात पंप चालूच! मुलं पाण्यात. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, “अगं, घरात अंधार आणि हा कसा गं चालतोय?” मी त्यांना सांगितलं की त्याने पंपाला अलग लाइन दिली आहे. कारण त्याने मला तसंच सांगितलं होतं, वर “सेफ्टी के लिए” असं म्हणून. सेफ्टीसाठी म्हटल्यावर घरातली बाई आणखी काय शंका काढणार?

पंप पुन्हा गुणगुणायला लागला तोवर त्याचा नंबर बंद झालेला. मग शेजारच्या काकांनी सियागंजातल्या एका जुन्या रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली. त्यांनी मागचं झाकण उघडून मला जवळ बोलावलं आणि टॉर्च मारून दाखवलं. वाइंडिंगला कंपनीचीच पांढरी दोरी, एकसारख्या गाठी, त्यावर पिवळसर वार्निशचा सलग थर, कुठे हात लागल्याची खूण नाही. म्हणजे 3,850 रुपये कशाचे घेतले? कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा झटका देणारा छोटा भाग, मात्र बदललेला होता, त्याच्या जागी कुठलातरी वापरलेला, छापील आकडे पुसलेला कपॅसिटर कोंबला होता. मोटरच्या पाटीवर 10 मायक्रोफॅरड स्पष्ट लिहिलेलं आहे. नवा कपॅसिटर 120 रुपयांना आला.

गुणगुणते पण फिरत नाही, याचा अर्थ मोटरला वीज मिळते आहे, फक्त सुरुवातीचा झटका मिळत नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्रात, कचरा अडकलेला असतो. प्लग काढून पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवून बघितला की अडकलंय का ते कळतं. कपॅसिटरला मात्र स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

मग त्यांनी मेगर लावला, वीज गळते का ते मोजायचं यंत्र, 500 व्होल्टचा. काटा एक मेगाओमपर्यंतसुद्धा जाईना, म्हणजे वीज बाहेर गळत होती. टर्मिनल बॉक्समध्ये ओल होती, केबल जिथून आत जाते तिथलं ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं बूच, तेच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “इतना लीकेज है, तो आपके यहाँ ट्रिप क्यों नहीं होता?” आणि दुकान पोरावर सोडून ते स्वतः आमच्याकडे आले.

त्या माणसाने पंपाची वायर मेन स्विचच्या वरच्या बाजूने, आरसीसीबीच्या आधीच जोडून घेतली होती. 30 मिलिअँपिअरची ती आरसीसीबी ट्रिप होत होती कारण पंपातून गळती होती. ती आपलं काम करत होती. त्याने गळती शोधली नाही, राखणदारच बाजूला केला, आणि त्याचे माझ्याकडून 6,700 घेतले. पॅनल म्हणजे एक प्लॅस्टिकचा डबा, त्यात एक टायमर आणि एक एमसीबी. एमसीबी शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोडला पडते, अंगातून गेलेल्या करंटला ती पडत नाही. आणि 7,500 चं केमिकल अर्थिंग? पाइप त्यांनी हाताने उपसून काढला, सव्वादोन फूट. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकात पाइप इलेक्ट्रोड कमीत कमी अडीच मीटरचा सांगितला आहे. तारेचं टोक टेप गुंडाळून आतच दुमडलेलं, पॅनलला जोडलेलंच नाही. या पाण्यात आमची मुलं रोज तासन् तास खेळत होती.

आज, आत्ता, उठून बघा: आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. पंप चालू असताना ते दाबा. पंप बंद पडलाच पाहिजे. चालू राहिला तर मुलांना आधी बाहेर काढा, मेन बंद करा आणि लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा; आमच्यासारखी वायर मेनच्याही आधी जोडली असेल तर मेन बंद करूनही पंपात वीज राहते, म्हणून तो येईपर्यंत पंपाला आणि पाण्याला हात लावू नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत पहिलं वाक्य, “भाईसाहब को भेज दीजिए.” मी फसले, पैसे माझ्या खात्यातून गेले, आणि भाईसाहेब कशाला? मग म्हणाले की काम तर झालंय ना, हा दिवाणी मामला आहे. सायबरवाल्यांकडे गेले तर त्यांचं म्हणणं, माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, ही ऑनलाइन फसवणूक धरता येत नाही. चौकीवाले सायबरकडे बोट दाखवतात, सायबरवाले चौकीकडे. वीज ऑफिसात बायपास केलेल्या वायरचे फोटो दाखवले तर खिडकीतल्या साहेबांनी वर न बघता सांगितलं, मीटरपर्यंत आमची जबाबदारी, पुढचं तुमचं. लेखी दिलंत तर आधी तुमच्याच मीटरची तपासणी होईल. म्हणजे चोर सोडून फिर्यादीला दम! पंपाच्या कंपनीचं कस्टमर केअर म्हणालं की तो आमचा माणूस नाही आणि मोटर बाहेर उघडली म्हणून वॉरंटीही गेली. एकाही ठिकाणी कोणी विचारलं नाही की मुलांना काही झालं नाही ना. प्रत्येकाला फक्त हे प्रकरण आपल्या टेबलावर येत नाही एवढंच सिद्ध करायचं होतं.

कोणी मरायलाच हवं होतं का यांना?

ज्यांच्या बाबतीत असं झालंय त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्यावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मी कागद जमवते आहे: यूपीआयचे स्क्रीनशॉट, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, रिवाइंडिंगवाल्या दादांचं लेखी म्हणणं. चॅट डिलीट करू नका. काढलेला जुना पार्ट मागून घ्या, देत नसेल तर पैसे देऊ नका. मोटर घराबाहेर जाण्याआधी तिच्या पाटीचा आणि बॉडीचा फोटो काढा.

ही जाहिरात अजून चालू आहे. फर्मचं नाव बदललंय, नंबर बदललाय, पण तेच 499 आणि तोच हिरव्या मोटरीचा फोटो. फोन लावलात आणि पलीकडून “अलग लाइन दे देंगे, फिर ट्रिप नहीं होगा” असं ऐकू आलं, तर त्याला घराचा पत्ता देऊ नका.