ट्रॅकसाठी चाकं: चारही सारखी की मागची रुंद?

इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन दोन्हीकडे जवळपास सारखं, अशी गाडी धरू.

कारखान्यातून बहुधा पुढे ८.५ इंच रिमवर २४५/४० आर१८ (टायर २४५ मिमी रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंच व्यासाचा) आणि मागे ९.५ वर २७५/३५ आर१८ अशी जोडी येते. मागची पकड जास्त, म्हणून वळणात आधी पुढची चाकं घसरतात. रस्त्यावर ही सुरक्षितता. ट्रॅकवर मात्र पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा भाजून निघतो. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करताही येत नाहीत.

चारही बाजूंना ९.५ इंची रिम आणि २६५/३५ टायर घातले की नाक वळणात नीट शिरतं, टायर पुढे-मागे बदलता येतात, सुटं चाक एकच पुरतं. मागची बाजू चंचल होते. मागचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलण्यापासून रोखणारा दांडा) त्याच्या जोडणीच्या भोकांत एक भोक मऊ बाजूला सरकवून पाहा.

खरी अडचण जागेची. पुढचा रिम त्याच ऑफसेटने (चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला किती मिमी, ते अंतर) एक इंच रुंद केला तर आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकतो. आत स्ट्रटपाशी (स्प्रिंग आणि शॉकचा खांब) तेवढी जागा नसेल तर ऑफसेट ४० वरून ३३ करा: आत ५.७, बाहेर १९.७ मिमी. मग फेंडर घासतो, स्टीअरिंगही जड होतं. पुढे अडीच-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) दिला की फेंडरचं घासणं बरंचसं टळतं. स्टीअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून तपासाच. जॅकवर लटकलेलं चाक फसवतं.

ताकद फार असेल, किंवा पोर्श ९११ सारखं इंजिनच मागे असेल, तर मागची रुंदच ठेवा.