मोठ्या पडद्यावर ओटो रेहागेल : मंगळवार पेठेतील सामना-सत्रांविषयी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका छोट्या सभागृहात माफक शुल्क आकारून फुटबॉलचे गाजलेले जुने सामने दाखवले जातात आणि प्रत्येक सामन्याआधी मराठीतून माहिती दिली जाते. यावेळची सत्रे जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्यावर होती. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेल्या प्रत्येकाने ती पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

आयोजकांनी सुरुवात रेहागेल यांच्या ग्रीस संघाने २००४ मध्ये युरो ही युरोपीय देशांची स्पर्धा जिंकली त्या विजयापासून न करता खेळाडू रेहागेल यांच्यापासून केली, हे फार योग्य झाले. हर्था बर्लिन आणि कायझर्सलाउटर्न या जर्मन क्लबांकडून बचावपटू म्हणून खेळलेल्या या माणसाने पुढे प्रशिक्षक म्हणून वेर्डर ब्रेमेन हा क्लब १४ वर्षे सांभाळला आणि खालच्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या कायझर्सलाउटर्नला १९९८ मध्ये थेट जर्मनीचे विजेतेपद मिळवून दिले. ही पार्श्वभूमी कळली की २००१ मध्ये त्यांनी ग्रीसच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी का पेलली असेल, हे उमगू लागते. पहिल्याच सामन्यात फिनलंडकडून ५-१ असा पराभव झाला होता आणि मोठ्या स्पर्धेत ग्रीसने तोवर एकही सामना जिंकला नव्हता. रेहागेल यांना ग्रीक येत नसल्याने सहायक इओआनिस तोपालिदिस त्यांचे म्हणणे खेळाडूंपर्यंत पोहोचवत असत, हा तपशील निवेदकांनी आवर्जून सांगितला.

२००४ च्या युरो स्पर्धेत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम फेरीत यजमान पोर्तुगाल या तिघांनाही ग्रीसने १-० असेच हरवले आणि तिन्ही गोल डोक्याने झाले. अंतिम सामना संपूर्ण दाखवला, त्यामुळे ग्रीसच्या हारिस्तेयासच्या गोलनंतर पोर्तुगालच्या आघाडीवीरांना एकेकाने कसे जखडून ठेवले, हे नीट पाहता आले. चेक संघाविरुद्धचा सामना मात्र निवडक क्षणांपुरता कापला होता, आणि ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण बचावाची कला गोलच्या तुकड्यांत दिसत नाही. चेंडू दूर असताना बचावपटू कुठे उभा आहे, यातच ती असते. निवेदन उत्तम असले तरी मागच्या रांगांत आवाज घुमतो, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे.

ग्रीसला विश्वचषकातला पहिला विजय मिळवून देणारा २०१० चा नायजेरियाविरुद्धचा सामनाही त्यांनी संपूर्ण दाखवावा, अशी मागणी मी आयोजकांकडे नोंदवली आहे.