आरएएस टाकीसाठी ड्रम फिल्टर घ्यावा की मेम्ब्रेन?

नागपूरजवळच्या हिंगणा, कळमेश्वर, उमरेड भागात मत्स्यपालनाची आरएएस टाकी (तेच पाणी साफ करून पुन्हा फिरवणारी) उभारणारे बरेच जण हे विचारतात. ड्रम म्हणजे गाळ अडकवणारी फिरती जाळी, मेम्ब्रेन म्हणजे तिच्याहून कितीतरी बारीक छिद्रांचा पडदा. माझ्या शेडमध्ये दोन्ही चालवून झालं आहे. टिलापिया किंवा पंगस वाढवून विकायचा असेल, तर पहिला पैसा ड्रमवर घाला.

मेम्ब्रेनबद्दलच्या एका गैरसमजाने माझं नुकसान केलं, म्हणून तो आधी सांगतो. विक्रेता म्हणाला, पाणी इतकं साफ होईल की बायोफिल्टर (अमोनिया संपवणारे जिवाणू जिथे वाढतात तो भाग) लहान केला तरी चालेल. मी केला. पाणी काचेसारखं झालं, तळाचा नट-बोल्टसुद्धा दिसायचा. आणि त्याच पाण्यात मासे वर येऊन तोंड मारत होते. किटमध्ये अमोनियाची नळी गर्द हिरवी निघाली, म्हणजे अमोनिया खूप वाढलेला. अशा मेम्ब्रेनची, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनची, छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाळ आणि जिवाणू त्यात अडकतात, पण विरघळलेला अमोनिया आरपार जातो. ३५ टक्के प्रथिनांचं एक किलो खाद्य घातलं की साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. तो बायोफिल्टरमधल्या जिवाणूंनीच संपवायचा. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी तापलं की अमोनियाचा विषारी वाटा वाढतो आणि ऑक्सिजन कमी मावतो. फिल्टर कोणताही घ्या, बायोफिल्टरमध्ये काटकसर नको.

ड्रमची जाळी बहुतेक वेळा ४० ते ६० मायक्रॉनची असते. विष्ठा आणि उरलेलं खाद्य ती अडकवते, नोझल फवारा मारून धुतात, चिखल बाहेर जातो. एक गोष्ट मात्र सांभाळा: ड्रम पंपाच्या आधी बसवा. विष्ठा पंपाच्या पंख्यातून गेली की तिचा भुगा होतो आणि तो जाळीतून निसटतो. हा बारीक गाळ फिरत राहतो, साचत जातो, कल्ल्यांना त्रास देतो. ड्रमची खरी मर्यादा हीच, आणि मेम्ब्रेनचं खरं बळ नेमकं हा बारीक गाळ अडकवण्यात.

पण ते बळ फुकट मिळत नाही. मेम्ब्रेनआधी गाळणी लागतेच, म्हणजे ड्रम काही सुटत नाही. गाळ चढला की दाबाच्या गेजचा काटा वर सरकतो, बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) द्यावा लागतो, त्यानेही भागलं नाही तर हायपोक्लोराइटने, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचने धुणं. ते नीट खंगाळलं नाही आणि टाकीत उतरलं, तर मासे मरतात. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, त्यामुळे क्षारांचा पांढरा थर मेम्ब्रेनवरही बसतो. तो काढायला सायट्रिक ॲसिड लागतं. ड्रमचं नोझल क्षाराने बुजलं तर मी टाचणीने मोकळं करतो, पाच मिनिटांचं काम.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचं अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. पण ते उभारणीवर. काही वर्षांनी मेम्ब्रेन बदलाल तेव्हा खिसा तुमचाच. त्या पैशात आधी जनरेटर आणि ऑक्सिजनची सोय करा. दाट साठ्याच्या टाकीत लाइट गेली तर अर्धा-एक तासही भारी पडतो.

मेम्ब्रेन मी कुठे ठेवलं आहे? बीज, म्हणजे माशांची पिल्लं, वाढवायच्या लहान टाकीवर, तेही सगळ्या पाण्यावर नाही, बाजूला काढलेल्या थोड्या प्रवाहावर. पिल्लं नाजूक असतात, परजीवी लवकर पकडतात. शिवाय पाणी नितळ असलं की पुढच्या जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचा प्रकाश आतपर्यंत पोहोचतो. बीज विकायचा धंदा असेल तर तिथे मेम्ब्रेन नक्की घ्या.