घरच्या रेकॉर्डिंगसाठी मायक : डायनॅमिक की कंडेन्सर?
लातूर-नांदेडकडील पत्र्याच्या घरात, कूलरची घरघर चालू असताना अभंग रेकॉर्ड करायचा असेल, तर मायकची निवड गळ्याइतकीच खोलीवरही अवलंबून असते. १९६६ पासून बाजारात असलेल्या शूर एसएम५८ या डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणाऱ्या) मायकला बाहेरून वीज लागत नाही, आणि तो तोंडाजवळ धरून गायल्यास खोलीतला गोंगाट बराच मागे राहतो. मात्र त्याचा सिग्नल क्षीण असल्याने ऑडिओ इंटरफेसचा (मायक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची पातळी, चांगलीच वाढवावी लागते. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील प्रकारचा मायक, २०,००० हर्ट्झपर्यंत (माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वात उंच आवाजापर्यंत) पोहोचतो, श्वासाचे आणि हरकतींचे बारकावे स्वच्छ टिपतो, पण त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (इंटरफेसकडून मायकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागतो आणि पत्र्यावर उतरलेले कबूतरही तो सोडत नाही. भिंतींवर वाकळा टांगून, कूलर बंद ठेवून गाण्याची तयारी असेल, तरच मी कंडेन्सर घेईन.