महापेच्या प्रोटीन लॅबचा अनुभव (अ‍ॅक्टिनचे प्रकार ओळखून हवे असतील तर द्यायच्या आधी वाचा)

माणसाच्या पेशींतलं अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, केराटिन असलं काही (पेशीचा सांगाडा बनवणारी प्रोटीन) २डी जेलवर काढून (म्हणजे चार्ज आणि वजनाप्रमाणे प्रोटीनचे वेगवेगळे ठिपके पाडून) मास स्पेकने, तुकड्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनने, ओळखून घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लॅबला मी दोनदा सॅम्पल दिलं. नाव टाकत नाहीये कारण त्यांच्या चुकाही सांगणार आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. आमच्या फायब्रोब्लास्टच्या (जोडणाऱ्या ऊतीतल्या पेशींच्या) जेलवर अ‍ॅक्टिनचे नेहमीचे दोन ठिपके, बीटा आणि गॅमा, आणि त्यांच्या अ‍ॅसिडिक (जास्त निगेटिव्ह चार्जच्या) बाजूला अजून एक फिकट ठिपका. आमच्या मॅडम तो बघून जेवण सोडून उठल्या, कारण त्यांना लगेच हट-१४ आठवलं. केमिकलने ट्रान्सफॉर्म केलेल्या, म्हणजे कॅन्सरसारख्या वाढणाऱ्या, माणसाच्या फायब्रोब्लास्टची ती सेल लाइन, त्यात लेविट, काकुनागा वगैरेंना असाच जादा ठिपका दिसला होता आणि १९८० मध्ये कळलं की ते बीटा अ‍ॅक्टिनचं म्युटेशन आहे, २४४ नंबरला ग्लायसिनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. पावणेचारशे अमिनो अ‍ॅसिडमधलं एक बदललं, पण एक निगेटिव्ह चार्ज वाढला आणि ठिपका सरकला! मग आम्हालाही राहवेना.

जुलैतला पाऊस, ठाणे-बेलापूर रोडला गाड्या जागच्या हलत नव्हत्या, म्हणून मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोली आणि तिथून रिक्षा, मांडीवर ड्राय आइसचा थर्माकोलचा डबा. काउंटरवरच्या ताईंनी आधी डबा उघडून बर्फ शिल्लक आहे का बघितलं, ट्यूबवरचे नंबर माझ्याकडून वाचून घेतले, सॅम्पल उणे ८० मध्ये ठेवलं आणि मगच फॉर्म दिला, याचे पूर्ण मार्क. जेलही सुरेख, कूमासीच्या निळ्या रंगात ठिपके गोल आणि सुटे सुटे, आमच्याकडे एवढं छान कधीच येत नाही.

रिपोर्ट १२ दिवसांत आला आणि तिथे माझं डोकं फिरलं. बीटा आणि गॅमा दोन्ही ठिपक्यांना एकच नाव, बीटा अ‍ॅक्टिन. फोन केला तर म्हणाले सॉफ्टवेअरने दिलंय. अहो पण या दोघांत फरकच मुळी चार अमिनो अ‍ॅसिडचा आहे आणि चारही अगदी सुरुवातीच्या टोकाला, बीटात तीन अ‍ॅस्पार्टिक तर गॅमात तीन ग्लुटामिक आणि पुढे एका व्हॅलिनच्या जागी आयसोल्युसिन. बाकी सगळे ट्रिप्सिन एन्झाइमने कापलेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, सेम, म्हणजे ओळख पटणार ती फक्त त्या पहिल्या पेप्टाइडवरून. आणि पेशीत त्या टोकाचं मेथिओनिन कापलं जाऊन त्यावर अ‍ॅसिटिल लागलेलं असतं, डेटाबेसशी जुळवायच्या सर्चमध्ये हा ऑप्शन चालू केला नाही तर ते पेप्टाइड डेटात असूनही दिसत नाही. त्यांनी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले. डेटा बघणारे सर शांतपणे ऐकून घेणारे, माझ्यासमोर रॉ फाइल उघडून पुन्हा सर्च लावला, आणि आली की दोन्ही पेप्टाइड, बरोब्बर ५६ डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) फरकाने. जादा पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या ठिपक्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. अख्खं जेल स्क्रीनवर लावून म्हणाले, मॅडम फक्त अ‍ॅक्टिनकडे बघू नका, इतर बऱ्याच ठिपक्यांच्या त्याच बाजूला अशी पिल्लं दिसतायत, म्युटेशन असतं तर एकटं अ‍ॅक्टिन सरकलं असतं. लायसिनवर ४३ डाल्टन वाढलेले तुकडेही दाखवले. कार्बामायलेशन, म्हणजे तापलेल्या युरियातून निघालेलं रसायन प्रोटीनला चिकटतं आणि त्याचा पॉझिटिव्ह चार्ज घालवतं. म्हणजे युरियाच्या बफरमधलं सॅम्पल तापलं होतं, आणि आमच्या लॅबमध्ये विचारलं तर खरंच साध्या एसडीएस जेलच्या सॅम्पलसारखं ९५ डिग्रीला उकळलं होतं. दुसऱ्यांदा न तापवता दिलं, ठिपका गायब. आमच्या मॅडम हिरमुसल्या, पण चुकीचा पेपर लिहिण्यापेक्षा हे हजारपट बरं.

एक तक्रार मात्र राहतेच. जेलमधून ठिपके कापताना ट्रे उघड्या टेबलावर, वर पंखा फुल स्पीड, कापणाऱ्याला ग्लोव्हज होते पण मनगट उघडं. रिपोर्टमध्ये केराटिन १ आणि १० आलं ते फायब्रोब्लास्टचं नाही हो, माणसांच्या कातडीचं. मला चाललं, पण ज्यांचं कामच केराटिनवर आहे त्यांनी तिथे ठिपके कापायला देऊ नका, स्वतः हूडमध्ये (स्वच्छ हवेच्या कपाटात) कापून ट्यूबमध्ये घालून न्या. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

पाचपैकी चार. पुढच्या आठवड्यात ट्रोपोमायोसिन (अ‍ॅक्टिनला चिकटणारं प्रोटीन) नेतेय, चारच जीन पण स्प्लायसिंगमुळे, म्हणजे एकाच जीनचे तुकडे वेगवेगळे जोडले गेल्यामुळे, ४० च्या वर प्रकार, त्यामुळे यावेळी कोणत्या प्रकाराचं कुठलं पेप्टाइड वेगळं आहे त्याचा तक्ता करून फॉर्मलाच पिन मारलाय, आणि खाली लिहिलंय की रॉ फाइल पेनड्राइव्हवर पाहिजे.